बचावाचा वकील आणि आरोपीचा आवाज : ‘नॉक ऑन एनी डोअर’, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘कोर्ट’ यांचा तौलनिक विचार

सारांश

फौजदारी खटल्यात बचाव पक्षाचा वकील आरोपीच्या वतीने बोलतो. या बोलण्यात आरोपीचा स्वतःचा आवाज किती उरतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. निकोलस रे यांचा ‘नॉक ऑन एनी डोअर’ (१९४९) हा अमेरिकन फिल्म न्वार परंपरेतील चित्रपट, विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा मराठी चित्रपट या तीन कलाकृतींच्या आधारे हा विचार केला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा दावा (१९२७ ते १९३७) हा रायगड जिल्ह्यातील न्यायालयीन बचावाचा प्रत्यक्ष दाखला तुलनेसाठी घेतला आहे.

सूचक शब्द : फिल्म न्वार, बचाव पक्ष, साक्ष, लोकशाहीर, चवदार तळे.

प्रस्तावना

न्यायालय हे नाटककाराला आणि चित्रपटकाराला आयते मिळालेले रंगस्थळ होय. तेथे दोन पक्ष असतात, साक्षीदार असतात, प्रेक्षक असतात आणि शेवटी निकाल असतो. त्यामुळे न्यायालयीन नाट्य बहुधा निकालाच्या उत्कंठेवर उभे राहते. परंतु काही मोजक्या कलाकृती निकालापेक्षा निराळा प्रश्न विचारतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या आरोपीला तेथे बोलता येते काय, आणि त्याच्या वतीने बोलणारा वकील नेमके कोणाचे बोलणे बोलतो, हा तो प्रश्न होय.

‘फिल्म न्वार’ ही संज्ञा १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी अमेरिकन चित्रपटांच्या संदर्भात वापरली आणि पुढे ती रूढ झाली. रात्रीचे शहर, ओले रस्ते, सावल्यांनी कापलेले चेहरे आणि भूतकाळाने पाठ न सोडलेला नायक ही या प्रकाराची ठळक लक्षणे मानली जातात. यांपैकी शेवटचे लक्षण महत्त्वाचे आहे. न्वारमधील माणूस आज जे करतो त्याचे मूळ काल घडून गेलेले असते. बचावाच्या वकिलाचे कामही याच जातीचे आहे. आरोपीने केलेल्या कृत्याच्या मागे जाऊन ‘हे असे का झाले’ हे तो सांगतो. म्हणूनच न्यायालय आणि न्वार यांची गाठ ‘नॉक ऑन एनी डोअर’मध्ये इतक्या स्वाभाविकपणे पडली असावी.

‘नॉक ऑन एनी डोअर’ : वकिलाचे भाषण आणि आरोपीचा भूतकाळ

विलर्ड मॉटली या कृष्णवर्णीय लेखकाच्या १९४७ च्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. हम्फ्री बोगार्ट यांच्या ‘सँटाना’ या निर्मितीसंस्थेचा हा पहिला चित्रपट. त्यात अँड्र्यू मॉर्टन या वकिलाची भूमिकाही त्यांनीच केली. रात्रीच्या वेळी एका पोलिसाचा खून होतो आणि निक रोमानो (जॉन डेरेक) या तरुणाला पकडण्यात येते. मॉर्टन स्वतः गरीब वस्तीतून वर आलेला आहे. हा खटला घेतल्यास पेढीतील भागीदारी हातची जाण्याचा संभव असूनही तो अखेर वकीलपत्र स्वीकारतो.

मॉर्टन ज्यूरीपुढे प्रारंभीचे निवेदन करू लागतो आणि त्या निवेदनातूनच निकचा भूतकाळ पडद्यावर उलगडतो. निकच्या वडिलांवर पूर्वी एक खटला झाला होता. मॉर्टनने तो स्वतः न चालवता आपल्याच पेढीतील कमी कुवतीच्या सहकाऱ्याकडे सोपविला आणि निकचे वडील तुरुंगात मरण पावले. कुटुंब दरिद्री वस्तीत आले. मुलगा आधी चोऱ्या, मग सुधारगृह, मग गुंडगिरी अशा पायऱ्या उतरत गेला. एमाशी विवाह झाल्यावर त्याने सुधारण्याचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. गरोदर एमाने घरातील गॅस सोडून आत्महत्या केली.

या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, बचावाचा वकील येथे तटस्थ नाही. निकच्या अधःपाताची पहिली पायरी मॉर्टनच्या हलगर्जीपणाने बांधली गेली आहे. त्यामुळे त्याचे बचावाचे भाषण हे काही अंशी त्याचे स्वतःचे कबुलीपत्र ठरते. दुसरी अशी की, निकचा भूतकाळ आपण निकच्या तोंडून ऐकत नाही. तो मॉर्टनच्या निवेदनात बसविलेला आहे. निक आरोपीच्या जागी बसून आपल्याच आयुष्याची हकिकत ऐकत राहतो.

निक स्वतः बोलतो तो फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात, आणि तेथे त्याचे बोलणे त्याच्याच विरुद्ध जाते. सरकारी वकील कर्मन (जॉर्ज मॅक्रेडी) उलटतपासणीत एमाच्या मृत्यूवर पुनःपुन्हा बोट ठेवतो. त्या आघाताने कोसळलेला निक खुनाची कबुली देऊन बसतो. निर्दोषत्वाचा मुद्दा संपल्यावर मॉर्टन दयेची याचना करतो. गुन्हेगार घडविणारी वस्ती, सुधारगृह आणि उदासीन समाज यांनाच तो आरोपी करतो. अशा वस्तीतील कोणतेही दार ठोठावले तर निक रोमानोच सापडेल, हा शीर्षकाचा अर्थ येथे उघड होतो. तरीही निकला मृत्युदंडच होतो.

या भाषणाचे सामर्थ्य मान्य करूनही त्याची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. ‘कोणत्याही दारामागे निक आहे’ असे म्हटल्यावर निक हा व्यक्ती न राहता नमुना होतो. समाज दोषी आहे, हे विधान ज्या समाजाला उद्देशून केले जाते त्याला कोणतीही तोशीस लागत नाही. सुधारगृह कोण चालवीत होते, वस्तीतील घरांचे मालक कोण होते, हे मॉर्टन विचारीत नाही. अपराध सर्वांचा म्हटला की तो कोणाचाच राहत नाही. चित्रपट संपताना प्रेक्षकाचे मन हळहळते, पण त्या हळहळीला पत्ता नसतो.

ज्यूरीचा लोप आणि भाषणाचा अंत

मॉर्टनचे भाषण शक्य होते ते ज्यूरीमुळे. बारा सामान्य माणसांची मने वळवायची असल्याने वकिलाला वक्ता व्हावे लागते. भारतातही ज्यूरीची पद्धत होती. नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांनी ते मत अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली. हाच देशातील अखेरचा ज्यूरी खटला होता असे सर्रास सांगितले जाते, ते अचूक नाही. तथापि ज्यूरीवरील विश्वास उडण्यास हा खटला मोठ्या प्रमाणात कारण झाला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही.

या बदलाचा परिणाम आपल्या कलाकृतींवरही झाला पाहिजे होता. पण हिंदी चित्रपटांतील वकील ज्यूरी गेल्यानंतरही पुढील अनेक दशके जणू अदृश्य ज्यूरीपुढेच भाषणे करीत राहिला. मराठीतील दोन कलाकृतींनी मात्र हे भाषण नाकारले, आणि त्या नकारातच त्यांचे मोल आहे.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : एकाच माणसाचे दोन झगे

तेंडुलकरांचे हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, लीला बेणारे ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. गावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालविण्याकरिता खोटा खटला मांडतात आणि थट्टेत सुरू झालेला तो खेळ बेणारेबाईंच्या खासगी आयुष्याची चिरफाड करू लागतो, हे कथानक मराठी वाचकाला परिचित आहे.

या नाटकाविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी बचावाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. या अभिरूप न्यायालयात वकील एकच आहे. व्यवसायात अपयशी ठरलेले सुखात्मे फिर्यादी पक्षाचे काम करतात आणि बचाव पक्षाचेही. फिर्यादी म्हणून बोलताना त्यांची वाणी फुलते; बचावासाठी उभे राहताच ती आटते आणि उरते केवळ दयेची औपचारिक विनंती. मॉर्टनचा बचावही शेवटी दयेच्या याचनेवरच येऊन थांबला होता. परंतु तेथे ती याचना भाषणाचा कळस होती. येथे ती भाषणाचा अभाव आहे. बचाव हे एक सोंग आहे आणि ते चढविणारा माणूस फिर्यादीच आहे, असे तेंडुलकर सुचवितात.

आरोपीला बोलण्यासाठी वेळ दिला जातो, पण बेणारेबाईंचे प्रसिद्ध स्वगत त्या न्यायालयातील कोणालाही ऐकू येत नाही. ते फक्त प्रेक्षकाला ऐकू येते. आरोपीला आवाज आहे, परंतु त्या आवाजाची नोंद घेणारी यंत्रणा नाही, हे या योजनेतून स्पष्ट होते. निकला बोलते करून गुन्हा वदवून घेतला जातो. बेणारेबाई बोलतात आणि काहीच नोंदले जात नाही.

‘कोर्ट’ : भाषणाऐवजी कामकाज

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि तेथे ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नारायण कांबळे (वीरा साथीदार) हे मुलांना शिकविणारे वृद्ध लोकशाहीर भर कार्यक्रमात पकडले जातात. वासुदेव पवार हा सफाई कामगार मॅनहोलमध्ये मृतावस्थेत सापडला आहे. कांबळे यांचे गाणे ऐकून त्याने आत्महत्या केली, असा सरकारी पक्षाचा आरोप आहे. विनय व्होरा (विवेक गोम्बर) हा सुखवस्तू गुजराती घरातील वकील त्यांचा बचाव करतो. भूमिका, आवाज आणि गाणे यांमागे खरी चळवळ उभी आहे : चित्रपटाचे संगीत संभाजी भगत यांचे, तर वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते व ‘विद्रोही’चे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

न्वारच्या सावल्या येथे नाहीत. न्यायालयाची खोली ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात दिसते. कॅमेरा दूर उभा राहून हलण्याचे नाकारतो. तरीही भूतकाळाने पाठ न सोडण्याचे न्वारचे सूत्र येथे निराळ्या रूपात आले आहे : पाठ सोडत नाही ती माणसाच्या कृत्याची सावली नव्हे, तर कागदपत्रे. कलमे, पंचनामे, जप्त पुस्तके आणि पुढील तारखा यांच्या जाळ्यातून कांबळे सुटत नाहीत.

व्होरा भाषण करीत नाही, कारण ते ऐकायला ज्यूरी नाही. तो बोलतो, न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) त्याचा गोषवारा करून टंकलेखकाला सांगतात आणि नोंद होते ती त्या गोषवाऱ्याची. साक्षीदाराची मराठी, वकिलाची हिंदी वा इंग्रजी आणि नोंदीची भाषा यांत प्रत्येक वाक्य थोडे थोडे झिजते. मॉर्टनच्या शब्दांना निकचे आयुष्य पडद्यावर उभे करण्याची शक्ती होती. व्होराच्या शब्दांना प्रथम टंकलेखकापर्यंत पोहोचावे लागते. बचाव म्हणजे वक्तृत्व ही समजूत येथे मोडते. बचाव म्हणजे सरकारी पक्षाचा साक्षीदार पोलिसांच्या इतर प्रकरणांतही हजर होता हे शोधणे, मृताच्या विधवेला गाठणे, जामिनाचे एक लाख रुपये स्वतःच्या खिशातून भरणे.

चित्रपटाचे हृदय त्या विधवेच्या साक्षीत आहे. पतीला कोणतीही सुरक्षा साधने मिळत नव्हती, दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो दारू पिऊन उतरत असे, एक डोळा त्याने कामापायीच गमावला होता, आणि आत विषारी वायू आहे की नाही हे तो झुरळे बाहेर येतात का यावरून ओळखत असे, हे ती साध्या स्वरात सांगते. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही, पार्श्वसंगीत नाही. गाण्याने आत्महत्या घडविली हा आरोप त्या चार वाक्यांत निकामी होतो. खटल्यानंतर व्होरा तिला मोटारीतून सोडतो, तेव्हा ती विचारते ते कामाविषयी.

येथे ‘नॉक ऑन एनी डोअर’शी एक विलक्षण साम्य दिसते. दोन्ही चित्रपटांत वायूने गुदमरून मृत्यू झाला आहे आणि दोन्हींत ‘आत्महत्या’ हा शब्द सरकारी पक्षाच्या हातातील शस्त्र आहे. कर्मन एमाच्या आत्महत्येचा दोष निकच्या माथी मारतो आणि त्याला कोसळवितो. ‘कोर्ट’मध्ये अपघाताला आत्महत्या म्हणवून घेतले की एक कर्तव्यच्युत यंत्रणा अदृश्य होते आणि एक गायक आरोपी होतो. मात्र मॉर्टन समाजाला मोघमपणे दोष देतो, तर ‘कोर्ट’ दोषाचा पत्ता सांगतो : मुखवटा न देता माणसाला गटारात उतरविणारी व्यवस्था. हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. हा तपशील पाहता, वासुदेव पवारच्या मृत्यूत आरोपी कोण असावयास हवा होता, हा प्रश्न चित्रपटाने न उच्चारता विचारलेला आहे.

ताम्हाणे न्यायालयातील तीनही अधिकारी व्यक्तींच्या घरी जातात. व्होरा महागड्या दुकानात खरेदी करतो, मोटारीत जॅझ ऐकतो. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते आणि सुटीच्या दिवशी परप्रांतीयांची टिंगल करणाऱ्या नाटकाला कुटुंबासह हसते. ती दुष्ट नाही. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना आरोपीला वीस वर्षे देऊन मोकळे व्हावे असे ती सहज म्हणते, आणि हा सहजपणाच भयावह आहे. कर्मनच्या चेहऱ्यावर व्रण होता, प्रेक्षकाला तो ओळखता येत होता. नूतनच्या चेहऱ्यावर व्रण नाही. ती शेजारच्या घरातील वाटते.

न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते. पुन्हा अटक झालेल्या कांबळे यांचा जामीन नाकारून उच्च न्यायालयाची वाट दाखविली जाते, दिवे मालवतात आणि रिकामी खोली काळोखात उरते. न्वारचा काळोख इतका वेळ टाळलेल्या चित्रपटात तो येथे प्रथमच येतो. पण चित्रपट तेथे थांबत नाही. न्यायाधीश नातेवाइकांसह रिसॉर्टवर जातात, एका मुलाच्या वाणीदोषावर अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवितात, बाकावर झोपी जातात आणि मुलांनी ओरडून जागे केल्यावर एकाला चपराक देतात. रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकाला मुंबईकरांची अशी सुटी दर आठवड्याला दिसते. कोणाची तरी सुटी हा कोणाचा तरी तुरुंगवास असू शकतो, हे मात्र त्याला या दृश्याने प्रथम जाणवते.

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येतो. व्होरा, नूतन आणि सदावर्ते यांच्या घरी जाणारा कॅमेरा कांबळे यांच्या अंतरंगाकडे त्याच आस्थेने जात नाही. ते गातात, शिकवितात, आजारी पडतात. पण तुरुंगातील त्यांच्या दिवसांविषयी, भीतीविषयी वा रागाविषयी फारसे काही कळत नाही. आरोपी न्यायालयात गैरहजर असल्यासारखाच असतो हे दाखविण्यासाठी ही योजना केली असावी. तरी तिची किंमत आहेच : ज्याच्या आवाजावर खटला आहे तो आवाज गाण्यापुरताच उरतो.

महाडचा दाखला : आरोपीच वकील

तीनही कलाकृतींत आरोपी आणि त्याच्या वतीने बोलणारा यांच्यात दरी आहे. ती अपरिहार्य आहे काय, या प्रश्नाचे एक उत्तर रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, इतिहासात मिळते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेपूर्वी, १२ डिसेंबरला, काही सवर्ण हिंदूंनी महाडच्या दिवाणी न्यायालयात त्यांच्यावर व सहकाऱ्यांवर दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. त्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने आले ते धरमतरऐवजी दासगावच्या बंदरात. बसमालकांनी बहिष्कार घातला तरी दासगावहून महाडला पायी जाता येईल, हा हिशेब त्यामागे होता. न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. दावा ८ जून १९३१ रोजी फेटाळला गेला, ठाण्याचे अपील ३० जानेवारी १९३३ रोजी, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. हा निर्णय समतेच्या तत्त्वावर नव्हे तर पुराव्याच्या अरुंद वाटेने मिळाला, हे विसरता येत नाही. एका घोट पाण्यासाठी दहा वर्षे लागली, हेही खरे.

हा दावा दिवाणी होता, त्यामुळे त्याची फौजदारी खटल्याशी सरसकट तुलना करता येणार नाही. तरीही एक भेद निर्णायक आहे. येथे प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होते. ज्यांच्या वतीने इतर बोलत आले त्यांच्यातीलच एक जण कायद्याच्या भाषेत बोलत होता. म्हणून येथे दयेची याचना नाही. प्रश्न विचारला गेला तो उलट दिशेने : आम्हांला मनाई करण्याचा तुमचा पुरावा कोठे आहे? सिद्धतेचा भार फिर्यादीवर टाकणे हे बचावाचे मूळ कर्तव्य या दाव्यात जितके स्वच्छ दिसते, तितके मॉर्टनच्या ओघवत्या भाषणात दिसत नाही.

समारोप

‘नॉक ऑन एनी डोअर’मध्ये बचाव वक्तृत्व होतो आणि आरोपी नमुना होतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बचाव हे फिर्यादीचेच दुसरे सोंग ठरते आणि आरोपीचे बोलणे नोंदीबाहेर राहते. ‘कोर्ट’मध्ये बचाव हे प्रामाणिक पण थकविणारे कामकाज असते आणि आरोपी तारखांच्या मधल्या अंतरात हरवतो. ‘कोर्ट’ श्रेष्ठ ठरतो तो त्याने कोणाला खलनायक केले नाही म्हणून, आणि दोषाचा पत्ता दाखविण्याचे काम वकिलावर न सोपविता एका विधवेच्या साध्या साक्षीवर सोपविले म्हणून.

अमेरिकन चित्रपटाने दार ठोठावण्यास सांगितले. मराठी चित्रपटाने दार उघडल्यावर आत काय दिसते ते दाखविले : बंद दिवे, रिकाम्या खुर्च्या आणि सुटीवर गेलेले न्यायाधीश. महाडचा दाखला त्यापुढे एक गोष्ट जोडतो. आरोपीच्या वतीने बोलणारा कितीही सज्जन असला, तरी आरोपीला स्वतः बोलता येईल, त्याच्या भाषेत बोललेले जसेच्या तसे नोंदले जाईल, अशी व्यवस्था झाल्याखेरीज बचाव पुरा होत नाही.